उकळलेल्या सुया

डॉक्टरांकडची पाचची वेळ मिळाली होती आणि टेलरबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. सॅटिनच्या झग्याला गोट लावायला बसून अर्धा तास झाला, पण वीतभर शिवायचं आणि टीचभर उसवायचं, एवढंच चाललं होतं. मधेच उठून त्या कपाटाखाली वाकून बघत. त्यांची मांजर, गुंडी, तिथेच होती. भिंतीला चिकटून, इकडे पाठ करून.

"काढू का तिला बाहेर?" नणंदेनं विचारलं. मांजर न्यायची टोपली घेऊन ती दारातच बसली होती, स्कूटरची किल्ली बोटात फिरवत. "नाहीतर पकडापकडीतच पाच वाजायचे."

"बसू द्या, ताई. अजून पाऊण तास आहे."

"पाऊण तासात काय होणार आहे?"

बाई पुन्हा मशीनकडे वळल्या. गुंडीची मूत्रपिंडं थकली होती. रोज कातडीखाली सलाईन दिलं तर अजून बरेच दिवस काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि पहिला महिना तिनं मांडीवर पसरून मजेत काढलाही. मग ती सुई दिसली की पळू लागली. मग नुसती बाटली दिसली तरी गुरगुरू लागली. गेले चार दिवस तर तिनं हातच लावू दिला नव्हता, आणि खाणंही सुटलं होतं. "सलाईन घेतच नसेल तर उगाच हाल करू नका," डॉक्टर सकाळी फोनवर म्हणाले. "पाचला आणा. एक इंजेक्शन. झोपेतच जाईल." बाई हो म्हणून बसल्या. तेव्हापासून त्यांना एका जागी बसवत नव्हतं.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि लगेच थांबलं. टाक्याच्या कडेनं झग्याचा एक धागा ओढला गेला होता. बाईंनी पेच सैल केला, सुई काढून केराच्या डब्यात टाकली आणि नवी बसवली. हाताला सवयच होती ती.

"चांगली होती की," नणंद म्हणाली. "सकाळीच तर बसवली होतीस."

"टोक गेलं तिचं. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कापडाला कळतं. सॅटिनला वापरलेली सुई लावायचीच नाही, ताई. गिऱ्हाइकाच्या कापडाला..."

बाईंनी मशीनचा खण उघडला.

त्यात रिळांच्या शेजारी गोळ्यांची एक जुनी डबी होती. तिच्यात गुंडीच्या चार सुया होत्या. एकेक सुई दहा-दहा वेळा टोचलेली, दर वेळी उकळून, पुसून ठेवलेली. सुई एकदाच वापरायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण औषधात काटकसर करता येत नव्हती, बाटलीत करता येत नव्हती, आणि त्या महागड्या खाण्याशिवाय दुसरं काही गुंडीला चालणार नव्हतं. महिन्यानं सुयांचं दुसरं खोकं आणलं तेव्हा हात आखडता घ्यायला एवढी सुईच उरली होती. त्यातून महिन्याला वाचलं किती, तर चार रिळांचे पैसे.

बाईंनी झग्यातून उरलेली एक चिंधी मुठीवर ताणली आणि डबीतली सुई तिच्यावरून ओढली. बोटांना आधी कळलं. मग सॅटिनवर रेघ उठली. दुसरी सुई. पुन्हा रेघ. तिसरीनं तर कापड धरूनच ठेवलं.

"काय चाललंय तुझं?"

बाईंनी खोक्यातलं नवं पाकीट फोडलं. नवी सुई चिंधीतून आत गेली, बाहेर आली. कापडाला पत्ताही लागला नाही.

"मी टोचत नव्हते, ताई," त्या म्हणाल्या. "फाडत होते तिला. चाळीस दिवस."

नणंदेच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली. "निघायला हवं गं," ती म्हणाली, पण उठली नाही.

बाई जमिनीवर पालथ्या झाल्या आणि त्यांनी कपाटाखाली हात घातला. गुंडी गुरगुरली, आक्रसली, पण पळायला तिच्यात ताकद कुठली. बाईंनी तिला ओढून मांडीवर घेतलं. हाताला नुसती हाडं लागत होती.

"बाटली धरा, ताई. उंच."

नणंदेनं उठून बाटली धरली आणि बाईंनी आणखी एक पाकीट फोडून कोरी सुई नळीला लावली. मग मानेमागचं कातडं दोन बोटांत उचललं. त्याबरोबर गुंडीनं डोळे मिटले आणि सगळं अंग घट्ट केलं. पुढे काय होणार ते तिला माहीत होतं.

सुई आत गेली.

काहीच झालं नाही. गुंडी तशीच अंग आवळून वाट बघत राहिली. नळीतून पाणी उतरू लागलं. कातडीखाली लिंबाएवढा फुगवटा आला. मग तिचा एक पाय सैल पडला, थोड्या वेळानं दुसरा.

"मी कळवते डॉक्टरांना," नणंद हळूच म्हणाली. "आज येत नाही म्हणून."

बाईंनी मान डोलावली. त्यांना रडू आवरत नव्हतं. सुई काढून त्यांनी आपला हात गुंडीच्या तोंडापुढे धरला, मनगट वर करून.

"ओरबाड," त्या म्हणाल्या. "एकदा तरी ओरबाड गं मला."

गुंडीनं मनगट हुंगलं आणि त्यावर हनुवटी टेकून डोळे मिटले.