मेंढा पावला

किर्गिझस्तानातल्या नारीन शहरातल्या आमच्या लोकरीच्या कारखान्यात अपघात टाळायचा उपाय ठरलेला आहे. नव्या वर्षाचं काम सुरू करताना अंगणात एक मेंढा कापायचा, दुवा मागायची आणि रस्सा पिऊन कामाला लागायचं. तरीही मागच्या वर्षी पिंजणयंत्रात जुमाशची तीन बोटं गेली. तेव्हा यंत्रांची देखरेख करणाऱ्या आमच्या चिनाराने मालकांशी भांडून वर्षाच्या नियोजनात मेंढ्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घालून घेतली: यंत्राच्या दात्यांवर लोखंडी जाळी.

यंदा कुणाला साधं खरचटलंही नाही.

पुढच्या वर्षाच्या नियोजनाच्या बैठकीत मालक ऊसोनबाइके, म्हणजे ऊसोनदादा, भलतेच खुशीत होते. "बघितलंस ना चिनारा, मेंढा पावला! मी म्हणतच होतो, मागच्या खेपेचा मरतुकडा होता."

"बाइके, मेंढा आपण दरवर्षीच कापतो. जाळी यंदा बसवली."

"अगं, पण तिचा उपयोग काय झाला? वर्षभरात एकाचा तरी हात आत गेला का? नुसती अडगळ! पुढच्या वर्षी जाळी काढा आणि दोन मेंढे धरा."

दोन मेंढ्यांचं मटण म्हटल्यावर कुणाचीच हरकत नव्हती. दुवेसाठी सगळ्यांनी तळहात उघडून चेहऱ्यासमोर धरले.



जुमाशच्या जागी यंत्रावर आलेल्या सायरागुलने 'आमीन' म्हणायच्या आधी आपली दहाही बोटं एकदा नीट बघून घेतली.