शेवटची हाक

चर्चच्या हॉलमधल्या पडद्यावर एक नवरा मरत होता. आतल्या खोलीतून तो बायकोला हाका मारत होता, "लोरेटा! लोरेटा!" आणि बायको बाहेर ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. जागची हलत नव्हती. ऊर बडवायचं काम व्हायोलिनांकडे होतं.

वर्नेलला शिसारी आली. या जांभळ्या शेंगा सोलल्या की अंगठ्यांचा रंग आठवडाभर जात नाही. नटीचे अंगठे मात्र गोरेपान.

सहा वर्षांपूर्वी वर्नेलचे अंगठे जांभळे होते. नवऱ्याच्या, हॉइटच्या छातीत कळ आली, तेव्हा टोपली संपेपर्यंत तीही उठली नव्हती. मग तिनं डॉक्टरला फोन केला. हे तिनं जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं, धाकट्या बहिणीला, ओपलला. आणि गेल्या उन्हाळ्यात या सिनेमाचा लेखक दोन महिने त्या बहिणीकडेच भाड्यानं राहिला होता. ओपलच्या तोंडात कधी तीळ भिजला होता?

"असल्या बाईला नरकातसुद्धा उभं करू नये," मागून कुणीतरी म्हणालं. शेजारच्या खुर्चीत ओपल हुंदके देत होती.

दिवे लागले.

"तूच सांगितलंस ना त्याला?" वर्नेलनं विचारलं.

"तुझं नाव कुठं घेतलं गं, ताई? सगळं बदललंय त्यांनी." ओपलनं नाक शिंकरलं. "पण बघवलं नाही बाई मला. बिचारा शेवटपर्यंत बायकोच्या नावानं टाहो फोडत होता. काळीज आहे का दगड तुझं?"

वर्नेल तिच्या ओल्या गालांकडे बघत राहिली. पाल अंगावर पडावी तशी किळस तिला आली. गावातल्या निम्म्या बायका अजून डोळे पुसत खुर्च्यांवरच बसल्या होत्या. वर्नेल उठली. आवाज तिनं मुळीच खाली आणला नाही.

"तुझ्या लेखकाला कळव, एक चूक राहिली म्हणावं. हॉइटनं माझं नाव एकदाही घेतलं नाही."

ओपलचा रुमाल नाकापाशीच थांबला.

"'ओपल, ओपल' करत होता. पार शेवटची शेंग सोलून होईपर्यंत."