खांबाखालची हजेरी

तारेवरचं काम आटोपलं. तिन्ही गडी खाली उतरून कुसगावच्या माळावर टेकले. मुकादम अल्लाबक्ष मात्र खांबापाशी उभाच होता. वीज सोडायचा निरोप देण्याआधी तो एकेकाचं नाव पुकारी, आणि प्रत्येकानं स्वतः ओ दिल्याशिवाय फोनला हात लावत नसे.

"भरली मास्तरांची शाळा!" कोंडाजी पुटपुटला. बाकीचे दोघं हसले.

"बजरंग!"

"हाय!"

"हौशीराम!"

"हाय जी!"

"कोंडाजीभाऊ!"

कोंडाजीनं सावकाश बिडी पेटवली. या अल्लाबक्षला खांबावर चढायला शिकवलं ते त्यानंच. तेव्हा याचे पाय लटलटायचे. आणि साहेबानं मुकादम केलं ते यालाच! महिना झाला, तरी कोंडाजीला ते पचलं नव्हतं.

"कोंडाजीभाऊ!"

"मुकादम, आवो ह्ये काय समोरच बसल्यात," हौशीराम म्हणाला. "धूर बी निघतोय!"

"दिसतंय मला. पर डोळा चुकतो, हौशा. ज्याचा जीव, त्यानंच सांगायचं."

कोंडाजी धूर सोडत राहिला.

फोन खणखणला. वीजघरातला साहेब इतका ओरडत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं. "झोपलात काय तिथे? पाच मिनिटांत निरोप आला नाही, तर उद्यापासून तू मुकादम नाहीस!"

कोंडाजीनं कान टवकारले. आता यानं भिऊन 'सोडा' म्हणावं, की याची शिस्त सगळ्यांदेखत उघडी पडली. साहेबाला कोंडाजीचं नाव सांगावं, की चुगलखोर ठरला. आणि गप्प राहिला, तर मुकादमी गेलीच. कुठूनही सुटका नव्हती.

अल्लाबक्षनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर कोंडाजीला बरं वाटलं असतं.

"जी साहेब, ऐकलं," अल्लाबक्ष फोनमध्ये म्हणाला. "मुकादमी काढा. पर वीज सोडू नगा. माजा एक मानूस अजून वर हाय."

बजरंग आणि हौशीराम, दोघांच्याही माना वर गेल्या. खांब रिकामा होता.

कोंडाजीही वरच बघत राहिला. मान खाली करायचा त्याला धीर होईना.