बिजागरीची बाजू

सुतारकाकांचा म्हातारा कुत्रा, बुवा, हल्ली बाहेर जायचं असलं की दाराच्या कडीशी न थांबता बिजागरीशी नाक लावून उभा राही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “म्हातारपणी कुत्र्याचा मेंदूही माणसासारखाच विसरतो. दार कुठून उघडतं, तेच आठवत नाही.”

काकांना हे नवीन नव्हतं. काकू वर्षभर त्यांनाच “पाहुणे” म्हणत होत्या. तसं घर आनंदात होतं. पुन्हा एकदा “अहो” ऐकायला मिळावं, एवढंच काकांचं देवाकडे मागणं होतं.

त्या दुपारी काकूही बुवाशेजारी बिजागरीशी उभ्या राहिल्या. काका हसले. “अगं, हे दार मी बसवलंय. तिकडून उघडायला भिंत का सरकणार आहे?”

ते चहा घेऊन परतले, तर खोली रिकामी. कडी आतून लावलेली. बाहेरून काकूंचं गुणगुणणं आणि बुवाच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती.

“अहो, या ना!” काकूंनी हाक मारली. “इकडूनच या.”

काकांचा ऊर भरून आला. चहा खाली ठेवून ते हसतमुखानं दाराशी गेले, आणि कडी कुठल्या बाजूला असते, ते त्यांना काही केल्या आठवेना.