ब्रेकमधली हवा

"आई, ऊठ! हे सिंगापूर आहे, लोक बघताहेत," खांबाआडून अमेय कुजबुजला. पार्किंगमध्ये सरोजिनीबाई जुन्या गाडीच्या चाकापाशी आडव्या पडल्या होत्या. "बघू देत! भंगारात घाल म्हणणाऱ्यानं तोंड उघडू नये." पुण्याच्या गॅरेजात तीस वर्षं हात काळे केलेली बाई, पाटीवर नाव एकट्या नवऱ्याचं. ब्रेक ऑइल गळणारी नळी त्यांनी बदलली होती. तेव्हा शिरलेली हवा आता काढायची: एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी पान्यानं नट सैल करून हवा सोडायची. उद्याच्या तपासणीत ब्रेक नापास झाला, तर गाडी जाणार आणि सून अनघाचा डबे पोचवायचा धंदाही. "दाब! धरून ठेव! सांगायच्या आत पाय काढलास तर बघ!" लग्नापासून सासूच्या तोंडाला वैतागलेली अनघा गाडीत बसून पेडल दाबत राहिली. अखेर या चाकाची हवा संपली, पेडल घट्ट झालं. सासूबाईंनी पाना तिच्या हातात दिला. "पुढचं चाक तुझं. दाबायला मी बसते. हुकूम तू सोड."