दुहेरी दाराची खोली

ठोकळा डब्यात पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून कान तपासणाऱ्या बाई काचेपलीकडून मान उंच करून बघू लागल्या. ठोकळा डब्यातच होता. पाच वर्षांच्या ठमीने तो अंडं ठेवावं तसा अलगद तळाशी नेऊन ठेवला होता.

"अगं, टाक की! टूं ऐकू आलं की धप्पकन टाकायचा," भिंतीवरच्या स्पीकरमधून बाई म्हणाल्या.

ठमीने मान हलवली आणि पुढचाही तसाच ठेवला.

तिची आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. शाळेतून चिठ्ठी आली होती : मुलगी कुजबुजल्यासारखी बोलते, गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवते, कान दाखवून घ्या. तेव्हापासून तीन दिवस आईच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आणि तरी, सांगायलाही लाज वाटावी, या खोलीत शिरल्यापासून तिला बरं वाटत होतं. दारामागे दार. भिंतींना चार बोटं जाडीचा स्पंज. हॉर्न नाही, पंख्याची घरघर नाही, वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्या नाहीत. उजव्या भुवईवर दीड वर्षं चाललेला घण अर्ध्या तासात थांबला होता. कुणी विचारलं असतं तर ती इथे भाड्याने राहायलाही तयार झाली असती.

तपासणी संपली. एकामागून एक दोन्ही दारं उघडून बाई आत आल्या.

"कान उत्तम. इतका बारीक आवाजसुद्धा सोडला नाही पोरीने. माझ्यापेक्षा तिखट आहेत."

"मग मोठ्याने बोलत का नाही?"

"तेच बघायचंय. घरात कुणी आजारी असतं का?"

"नाही. म्हणजे, माझं डोकं दुखतं. रोज."

"डोळे तपासलेत?"

झालं. इथेही सुरू झालं.

"तपासले," आई म्हणाली. "डोळेवाले म्हणाले दात बघा. दातवाले म्हणाले सायनस. सायनसवाले म्हणाले मान. मानवाले म्हणाले ताण आहे, ताण घेऊ नका, आणि अडीच महिन्यांनंतरची वेळ दिली. चहा सोडून झाला, परत धरून झाला. चार उशा बदलल्या. सासूबाई म्हणतात मी पाणी पीत नाही, नवरा म्हणतो मोबाईल फार बघते. आता डोकंच तेवढं बदलायचं राहिलंय."

"माझ्या नणंदेचं अगदी असंच होतं हो. तिने लांब केस कापले नि..."

"कापलेत." आईने मानेपाशी आखूड झालेले केस धरून दाखवले.

बाईंनी विषय सोडला. "बरं. आता घसा. हिला एकदा मोठ्ठ्याने ओरडायला सांगा. आवाज मोकळा निघाला तर प्रश्नच मिटला. नाहीतर नळी घालून आत बघावं लागेल, आणि या वयात ते भूल दिल्याशिवाय व्हायचं नाही."

भूल. आईने स्टूल पुढे ओढलं.

"ठमे, ओरड बरं. आ करून."

ठमी तिच्या कपाळाकडे बघत होती. कपडे वाळत घालण्याआधी आभाळाकडे बघावं, तसं.

"आ," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"आ."

"अगं, असं नाही! पलंगावर उड्या मारताना पोरं कशी ओरडतात?"

"मी नाही मारत उड्या," ठमी समजूत घालावी तशी म्हणाली. "पलंग करकरतो."

"आत्ता पलंग नाहीये ना इथे? ओरड म्हटलं की ओरडायचं! किती वेळा सांगायचं?"

आईचाच आवाज चढला. कपाळातली शीर ताडकन उडाली आणि हात आपसूक तिकडे गेला. तेवढ्यात ठमी खुर्चीवरून उतरली, पावलं न वाजवता भिंतीशी गेली आणि टाचा उंचावून काहीतरी चाचपू लागली.

"काय शोधतेस, बाळ?" बाईंनी विचारलं.

"दिव्याचं बटण," ठमी कुजबुजली. "आईचं डोकं उठलंय."

बाई आईकडे बघायच्या थांबल्या. हातातला कागद त्यांनी उगाच उलटा करून पाहिला.

ठमीला बटण सापडलं नाही. ती आईपाशी आली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू बाहेर जा. मग ओरडते."

"एकटी बसशील?"

"दोन्ही दारं लाव."

आई बाहेर आली. पहिलं दार लागलं, दुसरं लागलं. बाईंनी कानांवर हेडफोन चढवला, माईक चालू केला आणि काचेतून मान डोलावली.

आत ठमीने दार लागल्याची नीट खात्री करून घेतली. मग मुठी आवळल्या. डोळे घट्ट मिटले. पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला, दोन्ही टाचा उचलल्या गेल्या. काचेच्या अलीकडे काहीही ऐकू आलं नाही. मशीनवरचा काटा तेवढा दुसऱ्या टोकाला जाऊन थरथरत राहिला.

बाईंनी झटकन एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "अगं बाई! खणखणीत आहे की. नळी नको नि काही नको."

ठमीने श्वास घेतला आणि पुन्हा तोंड उघडलं. मग पुन्हा. आता ती उड्याही मारत होती.

आईने हात पुढे केला. "मला द्या तो."

"अहो, राहू दे. झालंय काम. तुमचं डोकं आधीच..."

"द्या हो."

तिने हेडफोन चढवला आणि दोन्ही तळव्यांनी कानांवर घट्ट दाबून धरला.