दहा गाण्यांतला खोकला

एका जुन्या रॉक बँडची सगळ्यात गाजलेली दहा गाणी एकाच अल्बममध्ये काढायची होती. टेपा साफ करायचं काम माझ्याकडे होतं, आणि आज दुपारी चारला सगळं कंपनीच्या हातात द्यायचं होतं.

पहिल्या गाण्याच्या शेवटी कोणीतरी खोकलं. मी तेवढा भाग कापला. दुसऱ्या गाण्यातही खोकला निघाला, मग तिसऱ्यातही. गाणी वीस वर्षांत, वेगवेगळ्या स्टुडिओंत रेकॉर्ड झालेली. खोकणारा मात्र एकच. दहाही साफ करून पुन्हा पहिलं लावलं, तर खोकला होताच, फक्त आता गाण्याच्या मध्यावर. पाच दिवस हेच. दरवेळी मुसळ केरात. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

शेवटी बँडच्या म्हाताऱ्या गायकालाच बोलावून घेतलं. "काका, हा खोकतोय कोण, तेवढं सांगा," म्हणत मी स्पीकर चालू केला.

त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

"गाण्यात कोणीच खोकत नाहीये," ते म्हणाले. "पण तू जरा पाणी पी बघू. मघापासून किती खोकतोयस."

मी तर तोंड घट्ट मिटून बसलो होतो.